विश्लेषण : गुलमर्गचा बर्फ उशिरा का येतो आहे? उशिराचा बर्फ अधिक धोकादायक का?

बर्फाअभावी फेब्रुवारीत पुढे ढकललेल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडा स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा अखेर ९ ते १२ मार्च २०२५ दरम्यान पार पडला. स्पर्धा झाल्या, लष्कराचा संघ पदकतक्त्यात अव्वल राहिला, पर्यटकही परतले. मात्र सलग दुसऱ्या हंगामात ऐन जानेवारी जवळजवळ कोरडा गेला होता, ही बाब त्यामुळे विसरता येणार नाही. बर्फ येतो आहे, पण वेळेवर येत नाही. आणि येतो तेव्हा एकदम येतो. या बदललेल्या वेळापत्रकाचा अर्थ काय, याचा आढावा.

स्पर्धा पुढे का ढकलाव्या लागल्या?

२०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा पहिला टप्पा २३ ते २७ जानेवारीदरम्यान लडाखमध्ये झाला. आइस हॉकी आणि स्केटिंगसाठी गोठलेले पाणी पुरते, त्यामुळे तेथे अडचण आली नाही. गुलमर्गचा टप्पा २२ फेब्रुवारीपासून होणार होता. अल्पाइन स्कीइंग, नॉर्डिक स्कीइंग, स्की माउंटेनिअरिंग आणि स्नोबोर्डिंग या चारही प्रकारांना उतारावर दाबून बसवता येईल असा जाड थर लागतो. डिसेंबरच्या अखेरीस काश्मीरमध्ये चांगली बर्फवृष्टी झाली होती, पण त्यानंतरचा जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा जवळजवळ कोरडा गेला. परिणामी आयोजकांना स्पर्धा लांबणीवर टाकाव्या लागल्या. फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात हिमवृष्टी झाली आणि मार्चमध्ये स्पर्धा घेता आल्या.

२०२४ चा हिवाळा याहून बिकट होता. जम्मू-काश्मीरमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये सरासरीच्या तुलनेत सुमारे ७९ टक्के तूट होती आणि जानेवारीचा बहुतांश काळ पूर्ण कोरडा गेला. पिवळ्या-तपकिरी गवताने भरलेल्या गुलमर्गची छायाचित्रे तेव्हा देशभर फिरली. जम्मू धुक्यात गुरफटलेले आणि त्याच वेळी श्रीनगरचे दिवस जम्मूपेक्षा उबदार, असे उलटे चित्र होते. जानेवारीच्या अगदी अखेरीस बर्फ पडू लागला आणि २१ ते २५ फेब्रुवारीदरम्यान स्पर्धा होऊ शकल्या.

गुलमर्गचे वैशिष्ट्य काय?

बारामुल्ला जिल्ह्यातील गुलमर्ग श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटरवर, पीर पंजाल रांगेत सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये येथे ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ सुरू केला. आज येथे केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था तसेच लष्कराचे अतिउंचीवरील युद्धकौशल्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. बीजिंग येथील २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान याच परिसरातला.

गुलमर्गला जगाच्या नकाशावर आणले ते तेथील गोंडोलाने, म्हणजेच केबल कारने. १९९८ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा गुलमर्गहून सुमारे ३,१०० मीटरवरील कोंगडूरीपर्यंत जातो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. पायथा आणि वरचे स्थानक यांत सुमारे १,३०० मीटरचे अंतर आहे. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान सर्वसाधारणपणे साडेसहा अंशांनी घटते. म्हणजे गुलमर्गच्या बाजारात पारा शून्याच्या दोन अंश वर असेल, तर अफरवटवर तो उणे सहाच्या आसपास असू शकतो. एकाच ढगातून खाली पाऊस आणि वर कोरडा, भुसभुशीत बर्फ पडतो तो यामुळेच. तापमान एक-दोन अंशांनी वाढले तरी पावसाचे बर्फात रूपांतर होण्याची रेषा दोन-तीनशे मीटर वर सरकते. त्याचा पहिला फटका पायथ्याच्या सोप्या उतारांना, म्हणजे नवशिके आणि पर्यटक जेथे जातात त्या भागाला बसतो.

‘चिल्लई कलान’ला एवढे महत्त्व का?

काश्मीरच्या लोकपरंपरेत हिवाळ्याचे तीन भाग आहेत. २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस ‘चिल्लई कलान’, त्यानंतरचे २० दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे १० दिवस ‘चिल्लई बच्चा’. यातील पहिले ४० दिवस सर्वाधिक कडाक्याचे. आपल्याकडे शेतकरी मृग-आर्द्राच्या हिशेबाने पावसाकडे डोळे लावतो, तसे काश्मीरमध्ये या चाळीस दिवसांकडे पाहिले जाते.

यामागे व्यवहारातले शहाणपण आहे. या काळात सूर्य कलता असतो, दिवस लहान असतात आणि तापमान गोठणबिंदूखाली राहते. त्यामुळे पडलेला बर्फ वितळत नाही. तो बसतो, घट्ट होतो, त्यावर पुढचा थर चढतो. असा जमलेला साठा एप्रिल ते जून या काळात हळूहळू वितळून ओढे, झरे आणि झेलम नदीला पाणी पुरवतो. फेब्रुवारीअखेरचा किंवा मार्चचा बर्फ तुलनेने ओलसर असतो. ऊन चढलेले असते, त्यामुळे तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत वाहून जातो. एकूण बर्फाचा आकडा सरासरीच्या जवळ पोहोचला तरी तो कधी पडला यावर त्याचा उपयोग ठरतो. २०२४ मध्ये पहिली मोठी बर्फवृष्टी झाली तेव्हा चिल्लई कलान संपत आला होता. २०२५ मध्येही त्याचे बहुतांश दिवस कोरडेच गेले.

हा बर्फ येतो कुठून?

हिमालयाच्या पश्चिम भागातील हिवाळी बर्फ मोसमी वाऱ्यांमुळे पडत नाही. तो आणतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्र आणि त्याच्या पूर्वेकडील प्रदेशात तयार होणाऱ्या या हवेच्या कमी दाबाच्या प्रणाली वातावरणाच्या वरच्या थरातील वेगवान पश्चिमी वाऱ्यांच्या झोताबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे काश्मीरपर्यंत पोहोचतात. वाटेत कॅस्पियन आणि अरबी समुद्राकडूनही बाष्प मिळते. पीर पंजालसारख्या रांगांना धडकून ही हवा वर चढते, थंड होते आणि बर्फ पडतो.

अशा किती प्रणाली आल्या, यापेक्षा त्या किती सक्रिय होत्या आणि झोत किती उत्तरेला किंवा दक्षिणेला होता, हे महत्त्वाचे असते. झोत उत्तरेकडून गेला तर झंझावात काश्मीरला निसटता स्पर्श करून जातात. ढग येतात, चार भुरभुरे थर पडतात आणि आकाश मोकळे होते. २०२३-२४ च्या कोरड्या काळाबाबत भारतीय हवामानशास्त्र विभागाने सक्रिय पश्चिमी झंझावातांचा अभाव, एल निनो आणि जोरदार झोतवारे अशी तीन कारणे पुढे केली होती.

या यंत्रणेचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. झंझावात पुढे सरकल्यावर उत्तरेकडील थंड वारे मध्य भारतातून खाली उतरतात आणि खान्देश, विदर्भ, मराठवाड्यात थंडी वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच झंझावात बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या बाष्पाला भेटले, तर आपल्याकडे गारपीट होते. म्हणजे काश्मीरचा हिवाळा लांबला की त्याचे पडसाद द्राक्षबागांपर्यंत येऊ शकतात.

दोष एल निनोचा की हवामान बदलाचा?

सरळ उत्तर देता येत नाही. २०२३-२४ चा हिवाळा एल निनोचा होता. २०२५ च्या जानेवारीत प्रशांत महासागरात कमकुवत का होईना, ला निनाची स्थिती होती. दोन विरुद्ध स्थितींत काश्मीरचा जानेवारी मात्र सारखाच कोरडा गेला. शिवाय एल निनोच्या काळात वायव्य भारतात हिवाळी पर्जन्य वाढते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे सगळे खापर एल निनोवर फोडता येत नाही. दोन वर्षांवरून कायमचा निष्कर्ष काढणेही घाईचे ठरेल, कारण काश्मीरमध्ये कोरडे हिवाळे पूर्वीही होऊन गेले आहेत.

तरीही काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. हिमालय तापतो आहे आणि त्यामुळे पर्जन्यातील बर्फाचा वाटा घटून पावसाचा वाटा वाढतो आहे. दुसरे म्हणजे, ब्रिटनमधील रीडिंग विद्यापीठाचे संशोधक किरन हंट यांच्या २०२४ मधील अभ्यासानुसार पश्चिमी झंझावातांचा हंगाम लांबत चालला आहे. झोतवारे उन्हाळ्यातही पूर्वीपेक्षा अधिक काळ दक्षिणेकडे रेंगाळतात आणि झंझावात मे-जूनपर्यंत येत राहतात. म्हणजे झंझावात नाहीसे होत नसून ते अवेळी येण्याचे प्रमाण वाढले आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर आलेला असा झंझावात उंचावर साठलेल्या बर्फावर पाऊस पाडतो. त्यातून साठा वाढण्याऐवजी पुराचा धोका वाढतो.

उशिरा आलेला बर्फ धोकादायक कसा?

बर्फाचा थर वरून एकसंध दिसला तरी आत तो पापुद्र्यांचा असतो. प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा पापुद्रा. थर जाड असेल तर आतील तापमान हळूहळू बदलते आणि कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. पण हंगामाच्या सुरुवातीला फूट-दीड फूट बर्फ पडला आणि नंतर आठवडेच्या आठवडे निरभ्र, कडक थंडीचे गेले, तर वेगळेच घडते. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि पृष्ठभागावर उणे दहा-पंधरा अंश. एवढ्या कमी जाडीत एवढा फरक पडल्याने खालची वाफ वर सरकते आणि तळाशी रवाळ साखरेसारखे, एकमेकांना न चिकटणारे कण तयार होतात. मूठभर घेतले तर बोटांतून गळून जावेत असे.

अशा कमकुवत पायावर एका दमात दोन-तीन फूट नवा बर्फ पडला की वरचा जड थर फळीसारखा बसतो. त्यावरून एखादा स्कीअर गेला, तर त्याच्या वजनानेही खालचा थर ढासळतो आणि अख्खी फळी घसरते. जगभरात स्कीइंग करणाऱ्यांचे बळी घेणारी बहुतेक हिमस्खलने याच प्रकारची असतात आणि बऱ्याचदा ती बळी पडलेल्यानेच किंवा त्याच्या सोबत्यांनी नकळत सुरू केलेली असतात. ३० ते ४५ अंशांचे उतार यात सर्वाधिक धोक्याचे. नेमके हेच उतार स्कीइंगसाठी सर्वाधिक आवडीचेही असतात.

अफरवटच्या उतारांवर हे नवे नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ प्रशिक्षण घेत असलेले १७ जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात पोलंडचे दोन स्कीअर दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, खालच्या उतारांवर खेलो इंडियाच्या स्पर्धा सुरू असतानाच, वरच्या भागातील हिमस्खलनात रशियाचा एक स्कीअर मरण पावला. त्याच्या सोबत्यांची सुटका करण्यात आली. एखाद्या घटनेचे कारण त्या ठिकाणच्या थरांची तपासणी केल्याशिवाय सांगता येत नाही. मात्र महिनाभर कोरडेपणा आणि मग एकदम भरपूर बर्फ, हा क्रम धोक्याचा असतो, हे हिमशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. बर्फाची वाट पाहून थकलेले स्कीअर पहिल्या मोकळ्या दिवशी वर धाव घेतात, ही मानवी बाजूही त्यात मिसळते.

बर्फाचा अहवाल कसा वाचावा?

स्कीइंगच्या ठिकाणी रोज सांगितल्या जाणाऱ्या माहितीत चार-पाच गोष्टी असतात. पहिली, बर्फाची खोली. ती पायथ्याची की शिखराची, हे पाहणे आवश्यक, कारण दोन्हींत मोठी तफावत असते. दुसरी, गेल्या २४ तासांत पडलेला नवा बर्फ. आकडा मोठा असेल तर आनंद होतो, पण त्याच दिवशी धोकाही सर्वाधिक असतो. तिसरी, वारा. वाऱ्याने उडालेला बर्फ कड्याच्या आडोशाच्या बाजूला साचतो. त्यामुळे नवी हिमवृष्टी झाली नसतानाही तेथे काही तासांत जड थर बनू शकतो. वारा वाढला की गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद ठेवला जातो, तो प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी. चौथी, तापमानाचा कल. मार्चमध्ये सकाळी कडक असलेला बर्फ दुपारी पाणचट होतो आणि सूर्याकडे तोंड असलेले उतार सैल पडतात. म्हणूनच या दिवसांत शर्यती सकाळी लवकर उरकाव्या लागतात.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिमस्खलनाचा इशारा. संरक्षण संशोधन व विकास संस्थेची चंडीगड येथील भूमाहिती संशोधन प्रयोगशाळा हिमालयातील भागांसाठी असे इशारे देते आणि जिल्हा प्रशासनाकडून ते लोकांपर्यंत पोहोचवले जातात. युरोपात धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत. तिसरी पायरी मधली असल्याने अनेकांना ती ‘ठीकठाक’ वाटते, पण तिचा अर्थ ‘लक्षणीय धोका’ असा आहे. गुलमर्गमध्ये गस्ती पथकाच्या देखरेखीखालील उतार आणि त्यापलीकडचा मोकळा डोंगर यांत फरक आहे. पलीकडे जायचे तर स्थानिक मार्गदर्शक, अंगावर संकेत देणारे ट्रान्सिव्हर, शोधकाठी आणि फावडे ही किमान तयारी लागते. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढले नाही, तर वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही. वाचवणारे असतात ते सोबतीच.

कृत्रिम बर्फाने प्रश्न सुटेल?

बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जवळजवळ सर्व बर्फ यंत्राने बनवलेला होता. युरोपातील आल्प्समध्येही कमी उंचीवरील केंद्रे यंत्रांवर तग धरून आहेत. मात्र त्यासाठी तीन गोष्टी लागतात : भरपूर पाणी, भरपूर वीज आणि पुरेशी थंडी. हवेतील दमटपणा धरून मोजलेले तापमान उणे दोन अंशांच्या खाली गेले तरच फवारलेल्या पाण्याचा बर्फ होतो. म्हणजे ज्या उबदार जानेवारीत गरज सर्वाधिक, त्याच वेळी यंत्रांना मर्यादा येतात. उत्तराखंडातील औलीत २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी अशी यंत्रणा बसवण्यात आली होती. तरीही २०२३ मध्ये तेथील आंतरराष्ट्रीय स्की शर्यती बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. शर्यतीपुरता एक पट्टा तयार करणे यंत्रांना जमते. अख्खा डोंगर आणि त्यावर अवलंबून असलेला पाणीसाठा यंत्रे भरून काढू शकत नाहीत.

पणाला काय लागले आहे?

सर्वांत आधी रोजगार. गुलमर्गमध्ये स्लेज ओढणारे, घोडेवाले, स्की भाड्याने देणारे, प्रशिक्षक, टॅक्सीचालक आणि टंगमर्ग परिसरातील गावांतून रोज वर येणारे मजूर यांची वर्षाची कमाई तीन महिन्यांत होते. जानेवारी कोरडा गेला की त्यातला एक तृतीयांश हंगाम जातो आणि मार्चचा बर्फ ती भरपाई करत नाही, कारण तोवर परदेशी स्कीअर अन्यत्र वळलेले असतात. हिवाळी सुट्टीत सहलीची आगाऊ नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांच्या वाट्यालाही निराशा येते. त्यांच्यासाठी साधा नियम असा : बर्फाची हमी देणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नये आणि गुलमर्गसाठी सलग दोन दिवस राखून ठेवावेत.

त्याहून मोठा प्रश्न खोऱ्याच्या पाण्याचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये झेलमची पातळी हंगामाच्या मानाने फार खाली गेली आणि अनंतनाग जिल्ह्यातील मुघलकालीन बागेसाठी प्रसिद्ध असलेला अचबलचा झरा आटला. सफरचंदाच्या झाडांना फुलोऱ्यापूर्वी साधारण ८०० ते १,२०० तास थंडी लागते. हिवाळा उबदार गेला की कळ्या लवकर फुटतात आणि एप्रिलमधील गारठ्यात किंवा गारपिटीत सापडतात. बर्फ कमी तर उन्हाळ्यात भातशेतीला पाणी कमी, जलविद्युत कमी, जंगलात वणवे अधिक. स्की स्पर्धा दोन आठवडे पुढे ढकलता येते, भाताची लावणी ढकलता येत नाही.

पुढे काय?

काश्मीरपुढे पर्याय आहेत. स्पर्धांच्या तारखा आधीच ठरवून त्यांना चिकटून राहण्याऐवजी पर्यायी आठवडे राखून ठेवणे, अफरवटसारख्या उंच भागात अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसवणे, हिमस्खलनाचा इशारा पर्यटकाला गोंडोलाच्या तिकीट खिडकीवरच समजेल अशी सोय करणे आणि बर्फावर पोट असलेल्यांसाठी कोरड्या हंगामात आधार देणारी विमा योजना आखणे. यातील एकही गोष्ट बर्फ आणू शकत नाही. पण बर्फ केव्हा येईल हे हाती नसताना, तो आल्यावर जीव जाऊ नयेत आणि न आल्यास चुली विझू नयेत, एवढे नक्कीच हाती आहे. चिल्लई कलानचे बहुतांश दिवस दोन वर्षे कोरडे गेले. पुढच्या हिवाळ्यांची तयारी डिसेंबरात आकाशाकडे पाहून नव्हे, तर आधीपासूनच करावी लागेल.